गोव्यातील ख्रिस्ती घरशाळा : विज्ञान आणि निसर्ग हाताने कसे शिकवता?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार. आमचे कुटुंब मूळचे अहमदनगरकडचे, मराठी ख्रिस्ती. यजमानांच्या नोकरीमुळे गोव्यात आलो आणि येथलेच झालो. मुलगी ११ वर्षांची आहे, मुलगा ८ वर्षांचा. दोघेही घरीच शिकतात. घरशाळा असावी की नसावी यावर येथे पूर्वी पुष्कळ चर्चा झालेली आहे. तो विषय बाजूला ठेवून मला केवळ विज्ञान आणि निसर्गाभ्यास यांविषयी लिहायचे आहे, आणि आमच्याच वाटेने जाणाऱ्यांचे अनुभव ऐकायचे आहेत.

ख्रिस्ती घरशाळेसाठी म्हणून जी विज्ञानाची पुस्तके हातोहात फिरतात, ती बहुतेक अमेरिकेतली असतात. कागद गुळगुळीत, चित्रे सुरेख. पण त्यांतले वर्ष आपले नव्हे. ऑक्टोबरात मेपलची पाने गोळा करा, जानेवारीत बर्फाची खोली मोजा, वसंताची वर्दी देणारा रॉबिन कधी दिसला ते नोंदवा, असे त्यांत सांगितलेले असते. आमच्याकडे ऑक्टोबरात सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, गवत पिवळे पडू लागते, रानातली पानगळ फेब्रुवारीकडे होते आणि निसर्गाचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते ते जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या पावसाने. मुलांनी कधी न पाहिलेल्या ऋतूंची कोष्टके भरत बसणे हे मला विज्ञान वाटत नाही.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते. या पुस्तकांत निरीक्षणाला चार ओळी असतात आणि बायबलातल्या वचनाला अर्धे पान. पक्षी धड पाहून होत नाही तोच डोंगरावरच्या प्रवचनातली आकाशातली पाखरे येतात. परिणाम असा होतो, की कोणताही प्रश्न आला की ‘देवाने तसे केले’ एवढे म्हणून मुले वही मिटतात. आमच्या श्रद्धेप्रमाणे ते उत्तर खरेच आहे, परंतु कसे केले हे पाहण्याचे कष्ट त्या उत्तराने वाचवू नयेत. म्हणून आमच्या घरात आता एक नियम आहे. वहीच्या उजव्या पानावर जे पाहिले आणि मोजले तेवढेच लिहायचे: चित्र, तारीख, वेळ, जागा, भरती होती की ओहोटी. डावे पान कोरे सोडायचे. तेथे पुढे प्रश्न येतात. क्वचित वचनही येते, पण ते मुलांना आपणहून आठवले तरच. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा आग्रह असे, की निसर्गवही ही मुलाची स्वतःची असावी आणि मोठ्यांनी तिच्यात दुरुस्त्या करू नयेत. हे पाळणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाहून हात शिवशिवतो.

सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा म्हणजे मासळी. बांगडे आणले की त्यांतला एक मुलीच्या वाट्याला जातो. त्याचे तोंड बोटाने पूर्ण उघडून उजेडाकडे धरले, की घशाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लांब, दाट तंतू दिसतात. हे तंतू कल्ल्यांच्या कमानींच्या आतल्या अंगाला असतात. श्वासासाठीची लाल झालर वेगळी, ती बाहेरच्या अंगाला. तोंडात आलेले पाणी कल्ल्यांतून बाहेर जाते आणि त्यातले बारीक प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, या तंतूंत अडकून राहते. बांगड्याचे पोट त्यावरच भरते. त्याच दिवशी मासेवालीकडून इसवणाचे डोके मागून घेतले. त्यात हे तंतू अगदी थोडे आणि आखूड, आणि जबड्यात मात्र करवतीला लाजवतील असे त्रिकोणी दात. इसवण इतर मासे पकडून खातो, हे पुस्तकात न वाचता मुलीने तोंड पाहूनच सांगितले. दोघेही वर्गीकरणात एकाच कुळातले आहेत, हे मी नंतर सांगितले, तेव्हा तिने डाव्या पानावर लिहिले: ‘एकाच घराण्यात इतका फरक कसा पडला?’ त्या प्रश्नाखाली मी काहीही लिहिलेले नाही.

मांडवीच्या पाण्याचा प्रयोग आम्ही रायबंदरच्या धक्क्यावर करतो. ओहोटीच्या वेळी एक लिटर पाणी भरून आणायचे, फडक्यातून गाळायचे, सपाट स्टीलच्या ताटात पूर्ण आटवायचे आणि उरलेले मीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात धक्क्यावरचे पाणी त्याच्या पुष्कळ जवळ जाते, आणि ऑगस्टात ताटाच्या तळाशी पांढुरका पापुद्रा तेवढा उरतो. (ऑगस्टात ऊन कोठले, मंद आचेवर आटवावे लागते, आणि शेवटी शेवटी ते तडतडते म्हणून मुलांना दूर ठेवावे.) नदी तीच, धक्का तोच, आणि तरी तिच्यात राहणाऱ्या जिवांना वर्षात दोन वेगळी पाणी सोसावी लागतात, हे मुलांना त्या ताटावरून जसे कळले तसे नकाशावरून कळले नसते.

आपण काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे. सड्यावर कधी जावे, खाजनात (भरतीचे पाणी येणाऱ्या, बांध घातलेल्या सखल जमिनीत) काय पाहावे, येथल्या झाडांची नावे कोणाला विचारावी, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

सड्यावरून

ताई, मी ख्रिस्ती नाही आणि माझी मुले नेहमीच्या शाळेत जातात. तरीही तुमचे उजवे पान मला फार पटले, म्हणून लिहितो. आमचे घर सत्तरीत आहे.

सड्यावर जायचे तर श्रावण-भाद्रपदात जावे. जांभ्याच्या पठारावर माती बोटभर असते, पाणी साचते आणि त्या मातीत नत्र जवळजवळ नसते. अशा जागी वाढणाऱ्या काही वनस्पतींनी नत्र किड्यांकडून मिळवण्याचा मार्ग धरला. दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, या रोपट्याची उंची वीतभरही नसते. मुलांना पोटावर झोपवून भिंगातून दाखवावे लागते. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. चिलट अडकले की भोवतालचे केस हळूहळू त्याच्याकडे वळतात. मुलांना घाई असते, म्हणून अर्धा तास तेथेच बसण्याच्या तयारीने जावे आणि दर पाच मिनिटांनी एक चित्र काढायला लावावे. त्याच ओलाव्यात सीतेची आसवे जांभळी पसरलेली दिसतील. ती वरून निरुपद्रवी दिसतात, पण त्यांचे सापळे पाण्याखाली असतात. सूक्ष्म पिशव्या, ज्यांच्या दाराशी एखादा जीव टेकला की दार आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो. एक रोप मुळासकट उपटून नेण्याचा मोह होतो. कृपया तसे करू नये. जेथे आहे तेथेच पाहावे.

नावे विचारायची तर गुरे राखणाऱ्या वृद्ध माणसांना विचारावी. उन्हाळ्यात मुलांना कुंभ्याचे झाड दाखवा. त्याची फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पुंकेसरांचे गुच्छ पडलेले असतात. उशिरा उठणाऱ्यांना त्यांतले काही मिळत नाही.

मांडवीकाठ

दादा, मनापासून आभार. कुंभ्याचे नाव तुम्ही काढलेत म्हणून सांगते. त्याचे शास्त्रीय नाव कॅरेया आर्बोरिया आहे आणि ते विल्यम कॅरी यांच्या नावावरून रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवले. कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आलेले बॅप्टिस्ट मिशनरी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांचे नाव बायबलच्या भाषांतरांसाठी घेतले जाते, आणि १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले म्हणून मराठी अभ्यासकही घेतात. पण सेरामपूरला त्यांनी स्वतः बाग लावली होती, आणि १८२० साली शेती व बागकामासाठी एक संस्था स्थापन केली होती, हे आमच्यातल्या बहुतेकांच्या कानावर नसते. ज्या झाडाच्या सालीचे दोर वळतात ते झाड आणि ज्याचे चित्र मंडळीच्या खोलीत आहे तो माणूस, हे दोन्ही आता मुलांच्या वहीत एकाच पानावर येतील. उजव्या की डाव्या, ते त्यांनी ठरवावे.

घाटमाथा

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण पुढे परीक्षांचे काय? विज्ञानात प्रात्यक्षिकेही असतात ना? आमच्या भावाची मुले घरी शिकत आहेत आणि घरातले ज्येष्ठ रोज हाच प्रश्न विचारतात.

साळकमळ

घाटमाथा, बहुतेक घरशाळावाले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा देतात. तिला किमान वय १४ वर्षे लागते, मराठी माध्यम उपलब्ध आहे, आणि विज्ञानाची प्रात्यक्षिके नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रात होतात. काही जण केंब्रिजच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसतात. ते बरेच महाग पडते. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा आहे आणि ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरशाळेचा स्वतंत्र उल्लेख नाही. याहून अधिक हवे असल्यास वेगळा धागा काढावा, येथे विज्ञान चालू द्यावे.

पट्टिताश्म

धागा वाचून आनंद झाला, परंतु एक अवघड प्रश्न सर्वजण टाळत आहेत असे दिसते. मी काही वर्षे भूशास्त्र शिकवले आहे.

मांडवीकाठ ताईंच्या मुलीने विचारले, एकाच घराण्यात इतका फरक कसा पडला. याचे उत्तर आहे आणि ते उत्क्रांती हे आहे. समान पूर्वज, वेगवेगळे अन्न, आणि फार मोठा काळ. ज्या अमेरिकी पुस्तकांचा त्यांनी उल्लेख केला, त्यांतली बरीचशी पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे मानून लिहिलेली असतात, म्हणजे त्यांत हा काळच शिल्लक ठेवलेला नसतो. आर्चबिशप अशर यांनी १६५० साली बायबलातल्या वंशावळी जुळवून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असे काढले, तोच हा हिशेब. आता आपण गोव्यात कोठे उभे आहोत ते पाहा. येथले काही पट्टिताश्म (नाइस हे पट्टेदार खडक) तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. ईशान्येकडच्या डोंगरांवर चढलेला दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आणि ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो तो जांभा, खडकातली सिलिका पावसाने धुऊन नेल्यावर मागे राहिलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा. एवढे सगळे पायाखाली असताना मुलांना ‘निरीक्षण करा’ म्हणायचे आणि निरीक्षणातून जे निष्पन्न होते ते मात्र डाव्या पानावर कोरे सोडायचे, हे मला अर्धवट वाटते. स्पष्ट बोललो, राग नसावा.

गोव्याचा इतिहासही या बाबतीत फारसा आश्वासक नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांनी येथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला. जुन्या ग्रीक-अरब ग्रंथकारांचे म्हणणे आणि स्वतः पाहिलेले झाड यांत तफावत आली, तर त्यांनी झाडाची बाजू घेतली. १५६८ साली ते वारले आणि १५८० साली इन्क्विझिशनने (पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने) त्यांची हाडे उकरून जाळली.

साष्टीकर

पट्टिताश्म सर, तुमचा मुख्य मुद्दा मान्य. ओर्तांविषयी मात्र एक भर घालतो. त्यांची हाडे जाळली गेली ती गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून. वनस्पतींबद्दल काय लिहिले म्हणून नव्हे. ते कृत्य त्यामुळे सौम्य होत नाही, उलट माझ्या मते अधिकच भयंकर ठरते, पण त्याला विज्ञान आणि धर्म यांच्या भांडणाचा दाखला करता येत नाही. पणजीच्या चर्चसमोरच्या जुन्या बागेला ओर्तांचे नाव आहे. मुलांना तेथे नेतो तेव्हा दोन्ही गोष्टी सांगतो, ग्रंथाचीही आणि हाडांचीही.

आम्ही कॅथलिक आहोत, बायको मराठी, मी कोकणी, घरशाळा दोन्ही भाषांत. आमच्याकडे पृथ्वीच्या वयाचा पेच तेवढा येत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० साली मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करण्यास मोकळीक दिली, आणि १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही नुसत्या कल्पनेहून अधिक आहे असे म्हटले. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते, वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम काढणारे मेंडेल मठवासी होते. ही नावे मी मुलांना सांगतो खरा, पण त्यांच्या जोरावर वाद जिंकल्यासारखे करू नये असेही वाटते. मेंडेलांचे वाटाणे एखाद्या नास्तिकाने लावले असते तरी तसेच आले असते.

आता मूळ विषय. आमचा विज्ञानाचा अभ्यास चर्चच्या दिनदर्शिकेवर चालतो, कारण गोव्यात तीच दिनदर्शिका ऋतूंशी बांधलेली आहे. ५ ऑगस्टला राय गावात कणसांचे फेस्त होते, नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी कापतात. त्या आठवड्यात मुले एका लोंबीचे दाणे मोजतात, भरलेले किती, पोल किती.

सर्वांत अधिक आम्हाला मिळाले ते ईस्टरकडून. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. चर्च ती पौर्णिमा कोष्टकावरून काढते, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी थोडा फरक पडू शकतो. तरीही याचा अर्थ असा, की गुड फ्रायडे दरवर्षी पौर्णिमेच्या आसपासच येतो: फार तर आदल्या दिवशी, नाहीतर पाचेक दिवसांच्या आत. आम्ही पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, रोज चंद्र किती वाजता उगवला ते लिहितो आणि बेतूलच्या बाजूला किनाऱ्यावर भरतीची रेषा काठी रोवून ठरवतो. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते हे मुलांना त्या कोष्टकातून स्वतःच सापडले. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते, तेही.

मग थोरल्याने विचारले, येशू क्रूसावर असताना दुपारी तीन तास जो अंधार पडला तो सूर्यग्रहणाचा होता का. उत्तर त्याच्याच वहीत होते. ती घटना यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणाची, आणि वल्हांडण पौर्णिमेला. सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होऊ शकते, कारण चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये यावा लागतो. शिवाय खग्रास स्थिती एका जागी साडेसात मिनिटांच्या वर टिकत नाही. तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनाही यातला पौर्णिमेचा मुद्दा ठाऊक होता. तो अंधार कशाचा, हे श्रद्धेने ठरवावे. ग्रहणाचा नव्हता, एवढे चंद्रावरून ठरते.

मांडवीकाठ

पट्टिताश्म सर, राग मुळीच नाही. उलट हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी इच्छा होती. साष्टीकर यांच्याकडे पोपचे मत आहे. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तसे एकमुखी मत नसते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांची बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाविषयीची समजूत वेगळी असते. माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे. खडकाचे वय मोजता येते आणि जे मोजले आहे ते मी मुलांपासून लपवणार नाही. उत्पत्तीचा अध्याय जग कोणाचे आहे हे सांगतो. ते किती वर्षांचे आहे हे त्यातून काढू नये, असे मी शिकवते. मंडळीतल्या काहींना हे आवडत नाही आणि तसे त्यांनी मला सांगितलेही आहे.

मात्र वय ‘सांगणे’ आणि ‘मोजून दाखवणे’ यांत अंतर आहे. ‘तीन अब्ज’ हा आकडा मुलांसाठी आणखी एक पाठांतर ठरला, तर त्यात आणि अशरच्या आकड्यात त्यांच्या दृष्टीने फरक काय? म्हणून आम्ही आधी किरणोत्सारी ऱ्हास खेळून पाहिला. फोडलेले चिंचोके घेतले, सारिपाट खेळताना घेतात तसे, एक बाजू पांढरी आणि एक काळी. शंभर फोडी डब्यात हलवून चटईवर टाकायच्या, पांढऱ्या बाजूने पडलेल्या काढून टाकायच्या, उरलेल्या मोजायच्या, पुन्हा टाकायच्या. कोणती फोड केव्हा जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण आलेख काढला की दरवेळी तोच उतार येतो. चिंचोके अगदी निम्मे पडत नाहीत, कारण त्यांचा आकार सारखा नसतो. तरीही दरवेळी जाणारा हिस्सा जवळपास तेवढाच राहतो, हे मुलीला विशेष वाटले. किती उरले यावरून किती वेळा टाकले ते ओळखण्याचा खेळ मग आपोआप सुरू झाला. त्यानंतर मी सांगितले, की झिर्कॉन या खनिजाच्या स्फटिकात युरेनियम असते, त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा भाग शिसे व्हायला सुमारे ४.४७ अब्ज वर्षे लागतात, आणि त्या दोहोंचे प्रमाण मोजून खडकाचे वय काढतात.

बांगड्याच्या प्रश्नाखाली मी काही लिहिले नाही, कारण तो तिचा प्रश्न आहे आणि ती अजून मासे गोळा करते आहे. सध्या पेडवा तपासणे चालू आहे. उत्क्रांतीचे नाव तिला माहीत आहे. नाव सांगून प्रश्न बंद होतो, तसा तो होऊ नये एवढेच.

पट्टिताश्म

चिंचोक्यांचा प्रयोग उत्तम आहे. माझ्या वर्गात मी नाणी वापरत असे. असमान फोडी अधिक शिकवतात हे खरे. ‘अर्धवट’ हा शब्द मागे घेतो.

साळकमळ

वचन आधी की निरीक्षण आधी, यावर एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण कधीकधी वचनच निरीक्षणाला धार लावते. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे जायला सांगितले आहे, आणि पुढे म्हटले आहे की तिला ना नायक, ना देखरेख करणारा, ना धनी. माझ्या भाच्याने लगेच अडवले: मुंग्यांना राणी असते, मग हे चूक का?

आम्ही काजूच्या झाडावर तांबड्या विणकर मुंग्या पाहायला गेलो. हाताचे अंतर राखून उभे राहावे, त्या चावतात आणि चाव्यावर आम्ल सोडतात. नवे घर बांधताना कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळी करतात आणि दोन पाने जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या तोंडात अळी धरून येतात आणि तिला या पानाच्या कडेला, मग त्या पानाच्या कडेला टेकवत राहतात; रेशीम अळीच्या तोंडातून निघते, प्रौढ मुंगीला ते काढता येत नाही. एक पान निसटले तेव्हा जवळच्या मुंग्या न बोलावता त्याच्याकडे वळल्या. राणी या सगळ्यात कोठेच नसते. ती अंडी घालते, हुकूम देत नाही. कामे वासाच्या खुणांनी आणि शेजारणीच्या हालचालीने ठरतात. भाच्याने निकाल दिला, की वचन बरोबर आहे आणि ‘राणी’ हे आपण दिलेले नावच फसवे आहे. पूर्ण सकाळ गेली. पाठ्यपुस्तकात याला एक ओळ आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. लिटमस विकत आणण्याची गरज नाही. भिरंडाचे (कोकमाचे) आगळ भरपूर पाण्यात पातळ करून त्यात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालत गेल्यास लाल रंग जाऊन जांभळट, मग काळसर-हिरवट छटा येते. लिंबू पिळले की पुन्हा लाल. आगळ मिठाचे असते, त्यामुळे चव घेण्याचा हट्ट मुले एकदाच धरतात.

सड्यावरून

खाजनाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात सांगतो. चोडणच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात ओहोटीच्या वेळी जा; रायबंदरहून फेरीबोट आहे. चिखलावर निवट्या दिसतील, हा मासा पाण्याबाहेरही ओल्या त्वचेतून श्वास घेतो. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहायला सांगा, खारट लागते, कारण तिवर जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकतो. कांदळ मीठ मुळाशीच अडवतो. त्याचे पान तसे खारट लागणार नाही. एकाच अडचणीवर शेजारच्या दोन झाडांची दोन उत्तरे. मात्र मानशीच्या जवळ, म्हणजे बांधाच्या दारापाशी, मुलांना पाण्यात कधीही उतरू देऊ नये. दार उघडे असताना तेथली ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही.

घाटमाथा

परीक्षेच्या उत्तराबद्दल आभार. आता माझाही एक प्रश्न. मुले वास्कोत चौथ्या मजल्यावर राहतात; सडा, खाजन, काजू यांपैकी काहीच जवळ नाही. पावसाळ्यात घराजवळ करता येईल असे काही?

साष्टीकर

पर्जन्यमापक गच्चीवरही चालतो. सरळ बाजूंची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवावा, तळाच्या खळग्यात पाणी भरून शून्याची रेषा आखावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून बाटली पुन्हा शून्यावर आणावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. तुमच्या इमारतीचे छप्पर १०० चौरस मीटर धरले तर तीन लाख लिटर होतात. ते कोठे जाते, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.

त्यासाठी गावाकडच्या कोणाच्या विहिरीची सोबत घ्यावी. आमच्याकडे २४ जूनला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणाला, म्हणजे सांजावला, डोक्यावर फुलांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात. उडी मारण्याइतके पाणी आले आहे का, हे पूर्वी नुसते वाकून पाहिले जाई. आता आमची मुले मे महिन्यापासून मोजतात. जाड दोरीला वजन बांधावे, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी, कठड्यावर रंगाने एक खूण करून नेहमी तेथूनच दोरी सोडावी. मोठे माणूस शेजारी असलेच पाहिजे. पाऊस आणि पाण्याची पातळी एकाच आलेखावर काढल्यास पहिल्या सरींनंतर पातळी जवळजवळ हलत नाही आणि मग एकदम चढू लागते, असे दिसेल. आधी कोरडी जमीन आपले पिऊन घेते. जांभा सच्छिद्र असल्याने नंतरची चढ झपाट्याने होते. मोजणी सकाळी घरचा पंप सुरू होण्याच्या आधी करावी, आणि शेजारच्या विहिरीवर पंप असेल तर तो केव्हा चालतो तेही विचारून वहीत लिहून ठेवावे.